गाभ्याची चव

कालवणात मीठ पुन्हा जास्त पडलं होतं. नवऱ्यानं पहिला घास तोंडात घातला, चावता चावता थांबला आणि पाण्याचा पेला ओढून घेतला.

"आज समुद्रच ओतलास की काय?"

कालवण म्हातारीनं केलं होतं. सून उजाडल्यापासून पाणथळीत होती, चूल तिनं बघितलीही नव्हती. तिनं सासूकडं हळूच नजर टाकली. म्हातारी ताटावर वाकून शांतपणे भात कालवत होती. चेहऱ्यावर काही नाही.

"माझ्याच हातून दोनदा पडलं वाटतं," सून म्हणाली. "पोरीनं किरकिर लावली होती."

"काही जास्त नाहीये," म्हातारी म्हणाली. "गिरणीतल्या उपाहारगृहात जेवायला लागल्यापासून ह्याच्या जिभेला चोचले फुटलेत. मला तर बरं लागतंय."

नवऱ्यानं पाण्याबरोबर घास घशाखाली ढकलले. गिरणीचा भोंगा व्हायची वेळ झाली होती. कागदाच्या त्या गिरणीत त्याला सगळे 'चाकवाला' म्हणत, कारण धुतलेल्या लगद्याचं पाणी जिथून बाहेर पडतं, तिथल्या दरवाजाचं मोठं लोखंडी चाक फिरवायचं काम त्याच्याकडं होतं. भोंगा झाला की चाक उघडायचं, नाला भरून वाहिला की बंद करायचं. चाकानं त्याच्या तळव्यांना असे घट्टे पडले होते की लेकीला उचलताना तो तिला हातांवर घ्यायचा नाही, मनगटांवर घ्यायचा.

तो गेल्यावर सुनेनं ताटं घासायला घेतली. दारात बसून म्हातारीनं विळ्याला धार लावायला घेतली होती. मांडीवर नात. नातीला दात येत होते. लाळेनं तिची हनुवटी सोलवटून निघाली होती आणि जे हाताला लागेल ते ती हिरड्यांखाली दाबत होती. विळ्याची मूठ, आजीचं बोट, स्वतःचा अंगठा.

"हिला आता गाभा द्यायला पाहिजे," म्हातारी म्हणाली.

सुनेच्या हातातलं ताट भांड्यावर आदळलं.

"थोडे दिवस जाऊ द्या की, आई."

"दिवस कशाला जाऊ द्यायचे? दात काय तुला विचारून येणार आहेत?"

ह्या घरात लव्हाळ्याच्या चटया विणायचं काम म्हातारीच्या सासूच्याही आधीपासून चालत आलेलं. लव्हाळं कापायचं, भिजवायचं, मग ओली काडी दातांत धरून उभी चिरायची. एक टोक पुढच्या दातांत, दुसरं मुठीत, आणि झटक्यात हात खाली. सुरीनं चिरलेली चिरी कुठं जाड, कुठं पातळ होते. दातांनी चिरलेली कशी एकसारखी उतरते, जणू साच्यातून काढली. म्हातारीच्या पुढच्या दोन दातांत त्या कामानं खाचच पडली होती. ती हसली की खाचेतून जीभ दिसायची. आणि ह्या घरातल्या पोराला दात यायला लागले की लव्हाळ्याचा पाण्याखालचा पांढरा बुंधा सोलून त्याचा गाभा चघळायला देत. गाभा गार, करकरीत आणि गोड. हिरड्यांची आग थांबते, आणि लव्हाळ्याची न् दातांची ओळख होते, असं म्हणत.

सून दगड फोडणाऱ्यांच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा म्हातारीनं तिला समोर बसवून काडी चिरायला शिकवली होती. तिच्या ओठातून रक्त आलं तेव्हा हसून म्हणाली होती, "तुझे दात नुसते खायचे. शिकतील हळूहळू." शिकलेही. पण गेल्या पावसाळ्यानंतर सुनेनं काडी दातांत धरणं सोडलं होतं. ती कापायची, वाहायची, भिजवायची, विणायची. चिरायचं काम तिनं सासूवर टाकलं होतं, आणि त्याबद्दल सासूचे टोमणेही मुकाट ऐकून घेतले होते.

कारण काडी कडू लागायला लागली होती. आधी वाटलं, आपलंच तोंड आलंय. मग एकदा तिनं मुद्दाम दोन-तीन ठिकाणच्या काड्या चावून बघितल्या. चव अशी, जणू गंजलेलं कुलूप चाटलंय. वर जिभेवर साबणासारखा बुळबुळीत थर. तो थर भाकरी खाल्ली तरी जात नव्हता.

म्हातारी मात्र तशीच रोज सकाळी मोळीभर काड्या चिरत होती. एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी दोघी पाणथळीवर गेल्या. पोर सुनेच्या पाठीला बांधलेली. उन्हाळ्यानं पाणथळ आटून आटून पार आकसली होती. पलीकडच्या काठावरचं लव्हाळं वाळून पिवळं पडलेलं. हातात घेतलं तर मोडायचं. मधे भेगाळलेला चिखल, त्यात बगळ्यांच्या पायांचे जुने ठसे सुकून बसलेले. पण नवे ठसे कुठंच नव्हते. हिरवं होतं ते फक्त गिरणीच्या नाल्याच्या तोंडाशी. तिथं बारमाही पाणी. लव्हाळं माणसापेक्षा उंच, बोटाएवढं जाड, काळपट हिरवं. वारा आला की नुसतं सळसळायचं.

"बघ," म्हातारी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "माझ्या सासूनं असं लव्हाळं जन्मात बघितलं नसेल. आणि लोक म्हणतात गिरणीनं वाटोळं केलं."

"लोक म्हणजे वायरलेस मावशी," सून म्हणाली.

"तिला काय धंदा आहे? तिची जीभ कुठं विसावतच नाही." म्हातारी खळखळून हसली आणि गुडघाभर पाण्यात उतरली. पाण्यावर तपकिरी फेस होता. तिनं तो हातानं बाजूला सारला, अंगणातला कचरा सारावा तसा.

विळा खाली, पाण्याच्या अगदी तळाशी न्यायचा, एका ओढीत मूठभर कापायचं, मागं फेकायचं. सून काठावर मोळ्या बांधत होती. कापता कापता म्हातारी बोलू लागली. बोलताना तिचे हात कधी थांबत नसत, आज मात्र ती मधे मधे थांबत होती आणि गालाला हात लावत होती.

"गिरणी आली ना, ती ह्या लव्हाळ्यासाठीच आली. कागदाला लव्हाळं लागतं म्हणून. त्याआधी चटई विकायची तर डोक्यावर घेऊन बाजाराला जायचं, नाही विकली तर तशीच परत आणायची. भुकेच्या महिन्यात आम्ही हेच बुंधे उकडून खायचो. दोन पोरं गेली माझी, ह्याच्या आधीची. एक तर हिच्याएवढंच होतं. औषध मिळालं असतं तर वाचलं असतं. पण औषध कुठं, आणि रस्ता कुठं." तिनं नातीकडं बघितलं. "मग गिरणी आली. गाड्याच्या गाड्या लव्हाळं घेतलं त्यांनी. आम्ही वेड्यासारखं कापलं. मुळासकट उपटलं. कोण कशाला मागं ठेवतोय? रस्ता झाला. दवाखाना झाला. दिवे आले. ह्याला काम लागलं. त्या वर्षी मी पहिल्यांदा पोटभर जेवून निजले."

"आणि मग लव्हाळं घ्यायचं बंद केलं."

"मग लाकडाचा भुगा आणायला लागले बाहेरून. स्वस्त पडतो म्हणे." म्हातारी पुन्हा वाकली. "पण दिवे तर काढून नाही ना नेले?"

दिवे होतेच. पोर जन्मली ती त्याच दवाखान्यात, त्याच दिव्याखाली. बाळंतपणात सुनेला झटके आले तेव्हा नर्सनं सुई टोचली नसती तर कदाचित आज दोघीही नसत्या. तिनं मोळीची गाठ आवळली. तळव्यांना खाज सुटली होती. हल्ली पाणथळीवरून आलं की रात्रभर सुटायची.

*

त्याच आठवड्यात ती म्हातारीला त्या दवाखान्यात घेऊन गेली. म्हातारी यायला तयार नव्हती, पण गाल आतून सुजला होता आणि जिभेच्या कडेला एक पांढरा चट्टा होता. काही केल्या जात नव्हता.

डॉक्टर तरुण होता, घाईत होता, वाईट नव्हता. त्यानं चमच्याच्या दांड्यानं जीभ बाजूला केली.

"तंबाखू किती वर्षं?"

"मी तंबाखू खात नाही."

"सगळ्या आज्या असंच म्हणतात."

"नाही खात हो त्या," सून म्हणाली. "काड्या चिरतात. दातांनी. नाल्याकडच्या."

"काड्या चिरा नाहीतर लाकडं चिरा. तंबाखू बंद करा." बाहेरच्या रांगेकडं बघत त्यानं चट्ट्याला जांभळं औषध लावलं आणि बाटली पुढं केली. "जिल्ह्याला नेऊन दाखवलं तर बरं."

परत येताना म्हातारीचे ओठ जांभळे झाले होते. रस्त्यात वायरलेस मावशी भेटली, नळावरून येत होती.

"अगं बाई, नटून कुठं निघालीस? ओठ रंगवलेस की."

"तुझ्या नवऱ्याला भेटायला," म्हातारी म्हणाली.

मावशी हसली. म्हातारीही हसली, पण घरी आल्यावर तिनं राखेनं ओठ घासघासून पुसले. घासताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तंबाखूचं खोटं तिच्या माथी मारलं गेलं, ते तिला चट्ट्यापेक्षा जास्त झोंबलं होतं.

*

नवरा संध्याकाळी घरी आला की आधी मोरीत जाऊन हात धूत राही. साबण लावून, धुवून, पुन्हा साबण लावून. सून त्याच्या मागं जाऊन उभी राहिली.

"आई पोरीला गाभा द्यायचं म्हणताहेत."

त्याचे हात थांबले.

"देऊ नको."

"मी नाही देत. त्या देतील. तुम्ही सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"नाल्याकडचं लव्हाळं कडू झालंय म्हणून."

"मग ती म्हणेल, मला तर नाही लागत." तो भिंतीकडं बघून बोलत होता. "मग विचारेल, कशानं कडू झालं. मग काय सांगू? चाक मी फिरवतो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाल्यात पूर्वी बेडूक असायचे. आता नाहीत. ते मला दिसत नाही का?" त्यानं हात झटकले. "मी नाही फिरवलं तर उद्या दुसरा फिरवेल. पाणी थांबणार नाही, फक्त आपल्या घरातला दिवा जाईल. एकानं तोंड उघडलं होतं. तो आता कुठं आहे, माहीत आहे ना?"

सुनेला माहीत होतं. तो आता रस्त्याच्या कडेला पंक्चर काढत बसायचा.

"आईच्या हातात तेवढंच उरलंय," तो म्हणाला. "चिरायचं न् विणायचं. ते काढून घेतलं तर ती दारात बसून मरेल."

"आणि पोरगी?"

"तू लक्ष ठेव."

असं लक्ष ठेवणं आलं सुनेच्या वाट्याला. ती भिजत घातलेल्या मोळ्यांचे बुंधे आधीच छाटून टाकू लागली. म्हातारीनं विचारलं तर सांगायची, सडले होते. पोरीच्या हातात गाजराचा तुकडा द्यायची, चमचा द्यायची, ओल्या फडक्याची गाठ द्यायची. पाण्याला जाताना तिला पाठीला बांधून न्यायची. दोन घागरी आणि वर पोर, खांदे भरून यायचे. म्हातारी म्हणायची, "ठेव की माझ्याजवळ. मी काय खाणार आहे तिला?"

एक दिवस पोर झोपली होती. गाढ झोपली होती, घामानं केस कपाळाला चिकटलेले. नळाला पाणी आल्याची हाक आली. सुनेला तिला उठवणं जिवावर आलं. आत्ता जाऊन आत्ता येऊ, असं म्हणून ती घागर घेऊन निघाली.

नळावर गर्दी होती. तिचा नंबर लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

ती परतली तेव्हा पोर रडत होती. भुकेचं रडणं तिला ठाऊक होतं, झोपेचं ठाऊक होतं. हे तसलं नव्हतं. हे घोगरं होतं, मधे मधे श्वास अडकणारं. घागर दारातच कलंडली.

म्हातारी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीच्या मुठीत सकाळी आणलेल्या, अजून न छाटलेल्या मोळीतला सोललेला पांढरा गाभा होता आणि म्हातारी तिची मूठ धरून पुन्हा पुन्हा तोंडाशी नेत होती.

"चाव, बाळा. गोड आहे. पहिल्यांदा असंच होतं. गोड आहे बघ."

पोरीच्या ओठांभोवती लाल कडं उठलं होतं. सुनेनं गाभा हिसकावून भिंतीवर फेकला, पोरीला उचललं, तिच्या तोंडात बोट घालून तंतू बाहेर काढले, पाणी घातलं, पुसलं, पुन्हा पाणी घातलं. निम्मं पाणी पोरीच्या छातीवर सांडलं.

"मी काय विष चारत होते का तिला?" म्हातारीचा आवाज फाटला होता. "ह्याच घरात तिचा बाप ह्याच गाभ्यावर दात काढून मोठा झाला."

"तो गाभा कडू आहे, आई."

"चाखून दिला मी. गोड आहे."

भिंतीपाशी जाऊन सुनेनं तो तुकडा उचलला, सासूच्या डोळ्यांसमोर दातांखाली धरला आणि चावला. तोंड आपोआप वाकडं झालं. ती दारात जाऊन थुंकली, पुन्हा थुंकली.

परत वळली तेव्हा म्हातारी तिच्या तोंडाकडं बघत होती.

"नीट सांग," म्हातारी हळू म्हणाली. "तुरट का कडू?"

"कडू."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. आधीचं मला नाही सांगता येणार."

म्हातारी जमिनीवर हात टेकून उठली. फळीवरून तिनं मिठाचा डबा काढला. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि उभी राहिली. मग मूठभर घेतलं. कुणी पुकारा करतंय की काय, असं कान देऊन ऐकल्यासारखी ती उभी होती. तोंडातून खारी लाळ गळायला लागली तरी तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"म्हणजे कालवण खारट व्हायचं," ती म्हणाली.

सुनेनं पोरीला छातीशी धरलं.

"आणि बोलणी तू खायचीस."

*

पोरीच्या तोंडात फोड आले. ती छाती तोंडात घ्यायची, एकदा ओढायची आणि किंचाळून सोडून द्यायची. सून वाटीत दूध पिळून घ्यायची आणि कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब तिच्या ओठांत सोडायची. एवढ्याशा वाटीला अख्खी सकाळ जायची. पोर दमून झोपायची, झोपेतच हुंदके द्यायची. दवाखान्यातून तेच जांभळं औषध आणलं. आता आजी-नातीचे ओठ एकाच रंगाचे झाले.

नवरा कामाला जाण्यापूर्वी पोरीजवळ बसायचा, पण तिला शिवायचा नाही. एकदा सुनेनं तिला त्याच्याकडं दिली तर तो म्हणाला, "हात नीट धुतलेले नाहीत," आणि उठला.

नाल्याकडची सगळी मोळी म्हातारीनं एकटीनं उचलून उकिरड्यावर टाकली. मग पलीकडच्या काठावरचं पिवळं, वाळकं लव्हाळं आणलं, दुप्पट भिजवलं आणि भाजी चिरायची सुरी घेऊन बसली. काडी पायाच्या अंगठ्यात धरायची, सुरी खाली ओढायची. काडी मधेच फुटायची. हात काडीऐवजी तोंडाकडं जायचा, अर्ध्यावर थांबायचा, परत यायचा. सून लांबून बघत होती. सबंध दुपारच्या कामातून ओंजळभर चिऱ्या निघाल्या, त्याही वेड्यावाकड्या.

टेम्पो घेऊन व्यापारी आला तेव्हा त्यानं ती नवी चटई उन्हात धरली.

"ही कुणी विणली? सूनबाईनं?"

"मी," म्हातारी म्हणाली.

"थट्टा करू नका आजी. तुमचा हात मला ठाऊक नाही का?" त्यानं चटई तिच्या पुढ्यात ठेवली आणि टेम्पोतल्या रंगीत प्लास्टिकच्या गुंडाळ्यांवर थाप मारली. "आता ह्याच जातात. ओल्या होत नाहीत, कीड लागत नाही. जुन्या हाताची असेल तर तुमची ठेवतो एखादी, शोभेला. नाल्याकडचं जाड लव्हाळं होतं ना तुमच्याकडं, त्याची नाही का?"

"नाही," म्हातारी म्हणाली.

"तेच तर छान दिसायचं."

टेम्पो गेला. म्हातारीनं चटई उलगडली, झटकली आणि दाराच्या आत पाय पुसायला अंथरली.

पोरीचे फोड हळूहळू बसले. एका दुपारी तिनं छाती तोंडात घेतली आणि सोडली नाही. ओढताना तिनं करकचून चावा घेतला. खालचा दात वर आला होता, तांदळाच्या कणीएवढा. सून दुखण्यानं कळवळली, आणि तशीच बसून राहिली. पोरीला बाजूला करावंसं तिला वाटेना.

"आला का?" चुलीजवळून म्हातारीनं विचारलं.

"आला."

म्हातारी बघायला आली नाही. कालवण उकळत होतं. तिनं डाव फिरवला, सवयीनं तळहातावर थेंब घेतला, तोंडाशी नेला, आणि तो हात तसाच कपड्याला पुसला. मग मिठाचा डबा जमिनीवरून सुनेच्या दिशेनं सरकवला.

"इथून पुढं मीठ तू घालत जा."

सुनेनं मीठ घातलं. चाखलं. आणखी जरासं घातलं. म्हातारी तिच्या तोंडाकडं बघत होती. पहिल्यांदा काडी चिरायला शिकवताना ती असंच बघत होती.

नवरा जेवायला बसला. पहिला घास घेतला, मान हलवली, दुसरा घेतला. पाण्याचा पेला तसाच राहिला.

"आज जमलंय," तो म्हणाला.

म्हातारी एकेक घास बराच वेळ तोंडात घोळवत होती. मग भोंगा व्हायची वेळ झाली. त्यानं हात धुतले, चपला घातल्या, दारातली चटई ओलांडून निघून गेला.

सून पोरीला थोपटत बसली. बाहेर वारा पडला होता. जरा वेळानं भोंगा झाला, आणि पाठोपाठ नाल्याच्या बाजूनं पाणी आल्याचा आवाज आला. आधी खळखळ, मग भरून आलेला, जड. म्हातारीनं मान वळवून तो ऐकला.

"पाणी सोडलं वाटतं त्यानं," ती म्हणाली.

"हो."

"भोंगा झाला की लगेच. कधी उशीर नाही." तिनं दोन बोटांनी सुजलेला गाल आतल्या बाजूला दाबला. "कामाला चोख आहे पोरगा."